गावाचा रेडिओ कुणाच्या भजनी?

शिकागो शहरात ९७.९ वर ‘द लूप’ नावाचं रॉक रेडिओ स्टेशन होतं. १९७७पासून चाललेलं. १९७९च्या जुलैमध्ये या स्टेशनच्या एका निवेदकाने बेसबॉलच्या मैदानात डिस्को गाण्यांच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून दिला. प्रेक्षक मैदानात घुसले, धिंगाणा झाला आणि त्या दिवशीचा दुसरा सामना सोडून द्यावा लागला. इतकं दंगेखोर स्टेशन. मार्च २०१८मध्ये त्याच ९७.९ वर येशूची गाणी लागायला लागली.

स्टेशन विकलं गेलं होतं. किंमत २ कोटी १५ लाख डॉलर. घेणारी संस्था एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन, म्हणजे ईएमएफ. तिच्या रेडिओ नेटवर्कचं नाव ‘के-लव्ह’. ही खाजगी कंपनी नाही. नफा न कमावणारी धर्मादाय संस्था आहे. जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या देणगीवर चालते. आणि आज अमेरिकेत लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रं धरून तिच्याकडे हजारच्या वर ठिकाणं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या भजनी रेडिओचं तालुक्याच्या पत्रकाराला काय पडलंय? पडलंय. गावात काय चाललंय हे गावाला कोण सांगणार आणि त्याचे पैसे कोण देणार, या दोन प्रश्नांवर माझं पोट आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या के-लव्हच्या गोष्टीत आहेत. एक चांगलं, एक वाईट. म्हणून जरा लांबण लावतो, शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात एका स्टेशनपासून

१९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा या गावात ९१.९ वर एक छोटं ख्रिस्ती स्टेशन सुरू झालं. पुढे १९८८च्या सुमारास त्याने ‘के-लव्ह’ हे नाव घेतलं.

त्याआधीच तिकडे एक वेगळं संगीत तयार झालं होतं. साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातली हिप्पी पोरं चर्चकडे वळायला लागली. त्यांना ऑर्गनवरची जुनी स्तोत्रं नको होती. त्यांनी गिटार घेतली, ड्रम घेतले आणि येशूवर रॉक गाणी केली. चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पण १९८२ साली एमी ग्रांट या तरुण गायिकेच्या ‘एज टू एज’ या अल्बमने पुढे दहा लाख प्रतींचा टप्पा ओलांडला आणि धंदा करणाऱ्यांचे डोळे उघडले. १९९१मध्ये हीच बाई एका साध्या प्रेमगीतावर अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. या प्रकाराला तिकडे ‘कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक’ म्हणतात. आपल्या भाषेत, आजच्या चालीवरची ख्रिस्ती गाणी.

तर गाणी होती, ऐकणारे होते. ती सगळीकडे पोचवणारं कुणी नव्हतं. के-लव्हने ते काम अंगावर घेतलं.

पसरले कसे?

इथे खरी हुशारी आहे, आणि ती गाण्यात नाही, नियमांच्या अभ्यासात आहे.

अमेरिकेत एफएमच्या पट्ट्याचा खालचा भाग, साधारण ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ, हा बिगर-व्यापारी आणि शैक्षणिक स्टेशनांसाठी राखून ठेवलेला आहे. हेतू असा की विद्यापीठं, शाळा, स्थानिक संस्था यांना परवडावं. धार्मिक संस्थाही त्यात बसतात. ईएमएफ तिथे शिरली. दुसरी गोष्ट ‘ट्रान्सलेटर’. हे म्हणजे मोठ्या स्टेशनचा आवाज पकडून पुढे फेकणारं छोटं यंत्र, फार तर २५० वॉटचं. राखीव पट्ट्यातल्या अशा यंत्रांना उपग्रहावरून कार्यक्रम पुरवायची मुभा होती. मग काय, एका स्टुडिओत गाणं लावायचं, उपग्रहावर चढवायचं आणि गावोगावच्या डोंगरावरच्या यंत्रांतून ते खाली उतरवायचं. गावात ना कर्मचारी, ना इमारत. एक मनोरा, एक डबा आणि विजेचं बिल.

तिकडे एक जुना नियम होता. ज्या गावाच्या नावाने परवाना घेतला, त्या गावात किंवा जवळपास स्टेशनचा मुख्य स्टुडिओ हवा आणि तिथे माणूस हवा. अशा बिगर-व्यापारी नेटवर्कना त्यातून सूट मिळत आली. ऑक्टोबर २०१७मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, तीन विरुद्ध दोन मतांनी हा नियम सगळ्यांसाठीच काढून टाकला. कारण दिलं की आता लोक फोन-ईमेलवरून स्टेशनशी बोलतात, इमारतीची गरज काय? वरवर पटण्यासारखं कारण आहे. पण त्या नियमामुळे गावात निदान एक माणूस बसायचा. नियम गेला, माणसाची खुर्चीही गेली.

दुसऱ्याचं कर्ज, यांची संधी

के-लव्हने मोठ्या शहरांत मुसंडी मारली ती मात्र इतरांच्या चुकांमुळे.

१९९६पर्यंत अमेरिकेत एका कंपनीला देशभरात ४०च्या वर रेडिओ स्टेशनं ठेवता येत नव्हती. १९९६च्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरची ही मर्यादा उठवली. क्लिअर चॅनल या कंपनीने काही वर्षांत बाराशेच्या आसपास स्टेशनं गोळा केली. इतरांनीही तेच केलं. सगळं कर्ज काढून. कर्ज फेडायला खर्च कापला. खर्च कापायचा म्हणजे कोण कापलं जातं? वार्ताहर, स्थानिक निवेदक, रात्रपाळीचा माणूस. मग इंटरनेट आलं, जाहिरात तिकडे गेली. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये क्युम्युलस ही कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१८च्या मार्चमध्ये जुनं क्लिअर चॅनल, ज्याचं नाव आता आयहार्ट झालं होतं, तेही गेलं. त्यांच्यावर सुमारे २,००० कोटी डॉलरचं कर्ज होतं.

आणि बाजारात रोख पैसे घेऊन उभं कोण? ईएमएफ.

२०१७मध्ये लॉस एंजेलिसचं ‘द साउंड’ हे स्टेशन ५ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरला घेतलं. २०१८मध्ये शिकागोचं ‘द लूप’. २०१९मध्ये क्युम्युलसकडून एका दमात सहा स्टेशनं, १० कोटी ३५ लाख डॉलर रोख. त्यात न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे होतं, १९७१पासून त्या नावाने चाललेलं. त्याच व्यवहारात वॉशिंग्टन आणि अटलांटाही आलं. २०२०मध्ये बोस्टनचं रॉक स्टेशन डब्ल्यूएएएफ, १ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर. प्रत्येक वेळी तेच घडलं. निवेदकांनी हवेवरून निरोप घेतला, श्रोते रडले, आणि थोड्याच वेळात तिथे देशभर लागणारं तेच गाणं लागलं.

हा फक्त ‘धर्माने रॉकला हरवलं’ असा मामला असता तर मी लिहिलंही नसतं. पण पुढचं बघा. सेलम नावाची दुसरी ख्रिस्ती रेडिओ कंपनी आहे, व्यापारी तत्त्वावर चालणारी. तिची ‘द फिश’ नावाची स्टेशनं होती, तीसुद्धा याच प्रकारची ख्रिस्ती गाणी लावायची. फरक इतकाच की त्यांच्याकडे त्या त्या शहरातले निवेदक, त्या त्या शहरातल्या जाहिराती, चर्चच्या कार्यक्रमांची माहिती असायची. २०२४च्या अखेरीस सेलमने आपल्याकडची उरलेली अशी स्टेशनं ईएमएफला ८ कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. कारण पुन्हा तेच, कर्ज. म्हणजे या वेळी देव तोच, गाणी तीच; गेलं ते गाव.

त्यांचं कौतुकही करायला हवं

शिव्या घालणं सोपं आहे. पण हे लोक यशस्वी का झाले हेही नीट बघावं लागेल.

पहिलं, त्यांनी श्रोत्याकडे सरळ हात पसरला. वर्षातून दोन मोठ्या मोहिमा, हवेवरून आवाहन, आणि महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप खात्यातून जाईल अशी सोय. एका मोठ्या धनिकापेक्षा दरमहा थोडं देणारी लाखो माणसं. यातून संस्थेचं वार्षिक उत्पन्न २० कोटी डॉलरच्या वर गेलंय. बाजार पडला तेव्हा जाहिरातवाले कोसळले, हे तरले. कारण जाहिरातदार मंदी आली की पहिला पळतो. महिन्याची देणगी देणारी बाई पळत नाही.

दुसरं, त्यांना आपला श्रोता पक्का माहीत आहे. तिकडच्या ख्रिस्ती रेडिओच्या धंद्यात एक काल्पनिक श्रोती ठरलेली आहे, तिला ‘बेकी’ म्हणतात. तिशी-चाळिशीतली, उपनगरात राहणारी, मुलांना गाडीतून शाळेत सोडणारी आई. तिला काय आवडेल, पोरांसमोर काय चालेल, याच मापाने गाणं निवडतात. ‘सकारात्मक आणि धीर देणारं’ ही के-लव्हची ओळख. राजकारण नाही, भांडण नाही, अचकट-विचकट विनोद नाहीत. अमेरिकेतला बोलका रेडिओ दिवसभर आरडाओरडा करत असताना या बाईला तीन मिनिटं शांतता मिळते, तर ती पैसे देणारच.

तिसरं, माणूस. प्रार्थनेसाठी फोन करता येतो, पलीकडे पाद्री असतो. ज्याचा मुलगा दवाखान्यात आहे, जिचा नवरा सोडून गेलाय, त्या माणसाला रात्री कुणीतरी ऐकून घेतं. हे मी कमी लेखणार नाही. आपल्याकडच्या किती माध्यमांना वाचकाचा फोन घ्यायला वेळ आहे?

तेव्हा दोष श्रोत्यांचा नाही, श्रद्धेचा तर अजिबात नाही.

मग दुखणं काय?

दुखणं असं की अलास्कापासून फ्लोरिडापर्यंत एकच गाणं, एकच निवेदक, एकच गोड आवाज. ही नेटवर्कं आधी कॅलिफोर्नियातून चालायची, आता संस्थेने टेनेसीत, नॅशव्हिलजवळ बस्तान हलवलंय. तिथे बसलेल्या माणसाला तुमच्या गावचा पूल खचलाय हे कसं कळणार?

ख्रिस्ती गाणी म्हटली की आपल्याला आठवतात रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींसाठी अभंग लिहिले, पदं लिहिली, कीर्तनाची परंपरा चर्चमध्ये आणली. देव परदेशी मिशनऱ्यांनी सांगितलेला, पण चाल इथली, शब्द इथले, टाळ इथले. म्हणून ती गाणी शंभर वर्षांनंतरही टिकून आहेत. धर्म गावात येतो तेव्हा गावाचे कपडे घालतो. के-लव्हने उलटं केलं. सगळ्या गावांना एकच गणवेश शिवला.

आणि एकच गणवेश संकटात उपयोगी पडत नाही. नॉर्थ डकोटातल्या मिनोट या गावाचं उदाहरण तिकडे नेहमी देतात. १८ जानेवारी २००२च्या मध्यरात्रीनंतर तिथे मालगाडी घसरली आणि अमोनिया वायूचा ढग गावावर आला. एक माणूस गेला, शेकडो लोकांना त्रास झाला. गावातली सहाही व्यापारी रेडिओ स्टेशनं एकाच कंपनीची होती, क्लिअर चॅनलची. पोलीस स्टेशनला फोन करत राहिले, उचलायला माणूस मिळेना. कंपनीचं म्हणणं होतं की पोलिसांनी इशाऱ्याची यंत्रणा नीट वापरली नाही. दोष कुणाचा यावर वाद झाला, होऊ द्या. पण रात्री दीड वाजता गाव अंधारात घाबरून रेडिओकडे कान लावून बसलं आणि रेडिओत गावातलं कुणी नव्हतं, एवढं खरं.

हे स्टेशन के-लव्हचं नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. संकटाचा इशारा आपोआप वाजण्याची यंत्रणा तिकडे कायद्याने सगळ्यांकडे असते, के-लव्हकडेही. पण इशारा म्हणजे भोंगा. भोंगा वाजल्यावर कुठल्या रस्त्याने जायचं, कुठल्या शाळेत सोय केलीय, पाण्याचा टँकर कधी येणार, हे माणूसच सांगतो.

याचा उलट पुरावाही आहे. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिल भागाची वाताहत केली. वीज गेली, मोबाइल गेला, इंटरनेट गेलं, नळाचं पाणी गेलं. चालू राहिला तो रेडिओ. ब्लू रिज पब्लिक रेडिओ हे तिथलं सार्वजनिक स्टेशन, तेही श्रोत्यांच्या वर्गणीवर मोठ्या प्रमाणात चालणारं. पाणी कुठे मिळतंय, कुठला रस्ता उघडलाय, अधिकारी काय म्हणाले, हे लोक गाडीत बसून रेडिओवर ऐकत होते. म्हणजे वर्गणी देणारा श्रोता इथेही आहे आणि तिथेही. फरक वर्गणीतून काय विकत घेतलं याचा. एकाने मनोरे घेतले, दुसऱ्याने वार्ताहर ठेवले.

आता आपल्याकडे या

आपल्याकडे के-लव्ह येऊ शकत नाही. खाजगी एफएमच्या धोरणात धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या किंवा तिच्याशी जोडलेल्या कंपनीला परवानाच मिळत नाही. ही अट मला योग्य वाटते. पण म्हणून आपण सुटलो असं नाही. कारण गाव मुकं करायला धर्म लागतोच असं नाही. चित्रपटगीतंही पुरतात.

खाजगी एफएम कंपनीला एका शहरातला कार्यक्रम आपल्याच दुसऱ्या शहरांतल्या स्टेशनवर लावायची परवानगी आहे. बातम्या? स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एवढंच. वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती याबद्दल सूचना देता येतात, पण त्याही स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या. हे वाक्य परत वाचा. नगरपालिकेने सांगितलं की पाणी उद्या येईल, तर रेडिओ सांगू शकतो. नगरपालिका गप्प बसली, तर रेडिओही गप्प. चार दिवस नळ कोरडा का, हा प्रश्न विचारायची त्याला सोय नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे तुमची-माझी. त्यानंतर तीस वर्षं झाली. वर्तमानपत्राने बातमी द्यावी, टीव्हीने द्यावी, मोबाइलवर कुणीही उठून द्यावी, फक्त रेडिओने देऊ नये, याचं तर्कशुद्ध कारण मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. सप्टेंबर २०२३मध्ये ट्रायनेही शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या. शिफारस शिफारसच राहिली.

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्यात महाराष्ट्रातली लातूर, बार्शी, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, मालेगाव अशी अकरा शहरं आहेत. ऐकायला छान. मातृभाषेतला स्थानिक आशय वाढेल असं सरकारने म्हटलं. पण बातमी द्यायची नाही आणि कार्यक्रम दुसऱ्या शहरातून आणला तरी चालतो, अशा स्थितीत बार्शीच्या स्टेशनवर बार्शीचं काय असणार? दुकानाची जाहिरात.

सामुदायिक रेडिओ हा खरा उपाय होता. आधी शैक्षणिक संस्थांना आणि २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही तो खुला झाला. शंभर वॉट, आठ-दहा किलोमीटरचा टापू, निम्मा तरी आशय स्थानिक हवा अशी अट. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते, बारामतीला वसुंधरा वाहिनी चालते. बायका बोलतात, शेतकरी बोलतात, माणदेशी बोली हवेवर ऐकू येते. पण अख्ख्या देशात अशी केंद्रं पाचशेच्या घरात. आपल्या एका राज्यातच साडेतीनशेच्या वर तालुके आहेत, यावरून हिशेब करा. आणि राजकीय स्वरूपाच्या बातम्यांना बंदी त्यांनाही आहेच.

राहता राहिली आकाशवाणी. जळगाव, परभणी, रत्नागिरी, सांगली, बीड, धुळे अशी जिल्ह्याजिल्ह्यातली केंद्रं ही आपली खरी दौलत. ती बरीचशी हंगामी निवेदकांच्या जिवावर चालतात. जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला होता. पुणेकरांनी, पत्रकारांनी, पुढाऱ्यांनी आवाज केला, आदेश थांबला. पुणं होतं म्हणून थांबला. तुमच्या-माझ्या जिल्ह्याच्या केंद्राचं एकेक बुलेटिन, एकेक तास कमी झाला तर कोण ओरडणार?

‘मोबाइल आहे ना!’

हे उत्तर मला दर वेळी मिळतं. आहे ना मोबाइल. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मोबाइल होतेच. कुठल्या ग्रुपवर धरण फुटल्याची अफवा, कुठे जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरतोय, आणि पाण्यात वीज गेल्यावर चार्जिंग कुठे करणार? खिशातल्या सेलवरचा रेडिओ दोन-तीन दिवस सहज बोलतो. तो फुकट आहे, त्याला रेंज लागत नाही, आणि तो कुणी चालवायचा हे नाव-पत्त्यासकट ठरलेलं असतं. अफवा पसरवली तर परवाना जातो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनचं काय जातं?

पैसे कोण देणार?

आता आमच्या धंद्याकडे येतो. तालुक्याचं साप्ताहिक किंवा जिल्ह्याच्या पेपरची तालुका पुरवणी कशावर चालते, हे तुम्हाला माहीत आहे. भाऊंच्या वाढदिवसाच्या, दादांच्या निवडीच्या, आणि पंधरा ऑगस्टच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर. ज्याच्या वाढदिवसाला पानभर फोटो छापला, त्याच्या संस्थेतल्या नोकरभरतीची बातमी दुसऱ्या दिवशी कशी लिहायची? काही जण लिहितात. पुढच्या वाढदिवसाला त्यांच्याकडे जाहिरात येत नाही.

के-लव्हकडून शिकायचं ते इथे. त्यांनी ऐकणाऱ्यालाच मालक मानून दरमहा थोडे थोडे पैसे मागितले आणि लोकांनी दिले. आपल्या लोकांना देण्याची सवय नाही असं म्हणू नका. सप्ताहाला पोती येतात, दिंडीला जेवणं दिली जातात, जत्रेला घरटी वर्गणी गोळा होते, आणि पावती फाडली नाही तर चारचौघांत विचारणा होते. आपलं गाव वर्गणीवरच उभं आहे. फक्त गावच्या बातमीसाठी वर्गणी मागायची लाज आम्हाला वाटते आणि द्यायचं तुम्हाला सुचत नाही. तालुक्यात हजार घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर पन्नास हजार होतात. दोन वार्ताहर उभे राहतात, आणि त्यांना कुणाच्या वाढदिवसाची वाट बघावी लागत नाही.

पण तिकडच्या गोष्टीचा दुसरा धडाही लक्षात ठेवायचा. वर्गणी दिली म्हणजे झालं असं नाही. ती कुठे खर्च होते हे विचारायचं. गावातल्या बायांनी दिलेल्या डॉलरमधून दुसऱ्या गावचं स्टेशन विकत घेतलं जातं आणि तिथला माणूस घरी जातो, हे वर्गणी देणाऱ्या किती जणींना माहीत असेल?

तर मला जे म्हणायचंय ते सरळ सांगतो.

एक, खाजगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ दोघांनाही बातमीची परवानगी द्या, वर्तमानपत्राला लागू असलेली जबाबदारी त्यांनाही लावा.

दोन, नव्या अकरा शहरांतल्या परवान्यांत अट घाला की त्या शहरात स्टुडिओ हवा, माणूस हवा, आणि रोज ठरावीक तास तिथूनच थेट कार्यक्रम हवा. अमेरिकेने ही अट काढली, त्याचं फळ त्यांना दिसतंय. आपण ती आधीच घालू.

तीन, आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांवर पावसाळ्याचे चार महिने तरी रात्रीही माणूस बसवा.

चार, कृषी महाविद्यालयं, बचत गटांचे महासंघ, शिक्षण संस्था यांनी सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करावेत. नेत्यांचे पुतळे उभारायला जागा मिळते, तीस मीटरच्या मनोऱ्यालाही मिळेल.

पाच, वाचकांनी वर्गणी द्यावी आणि हिशेब मागावा. माझ्याकडेसुद्धा.

शिकागोच्या लोकांनी आपलं स्टेशन गेलं तेव्हा हळहळ व्यक्त केली. आपल्याकडे हळहळायला मुळात स्टेशनच नाही, आणि याचं कुणाला काही वाटतही नाही.

तुमच्या घरात रेडिओ चालू आहे का? कुठलं केंद्र लागतं, आणि त्यावर तुमच्या तालुक्याचं नाव शेवटचं कधी ऐकलंत? खाली लिहा. गावाचं नाव टाकून लिहा. पुरेशी नावं जमली तर यादी करून जिल्हा माहिती कार्यालयात आणि खासदारांकडे नेऊन देतो. सह्या कुणाकुणाच्या घ्यायच्या तेही सांगा.